टकळीच्या एकपात्रीतला म्हातारा

सोमवार, ४ तारीख

इतक्या उशिराने वही उघडतोय, माफी असावी. माफी कोणाची मागायची ते कळत नाही, वहीचीच म्हणायची. रोज लिहीन असं सांगून सुनेकडून ही वही मागून घेतली आणि पहिल्या पानानंतर सगळं कोरं. पण दोष माझा नाही. मी लिहायला बसतो ते खिडकीजवळचं टेबल नातीने बळकावलं आहे. त्यावर अभ्यास करत असती तर मी हूं की चूं केलं नसतं. ती त्याच्यामागे उभी राहून भाषण ठोकते. "माननीय परीक्षक आणि माझ्या बंधुभगिनींनो," म्हणते आणि बंधुभगिनी म्हणून समोर मी एकटा.

नात दहावीत आहे. घरात तिला टकळी म्हणतात, कारण बोलायला लागल्यापासून ती गप्प बसलेली कोणी पाहिलेली नाही. शाळेतल्या सरांनी तिला वक्तृत्व स्पर्धेत घातलं आहे. भाषणही सरांनीच लिहून दिलंय. विषय, पाणी वाचवा. 'जीवन' म्हणताना उजवा हात वर, 'थेंब' म्हणताना दोन बोटांची चिमूट, 'उद्याची पिढी' म्हणताना समोर बोट. समोर मी. मी म्हटलं, "अगं, मी कसली उद्याची पिढी? बोट दुसरीकडे कर." तर म्हणते, "आजोबा, परीक्षक तिथेच बसणार आहेत."

हे चालू असताना मोरीतला नळ गळत होता. मीच उठून बंद केला.

गुरुवार, ७

हरली. दप्तर कोपऱ्यात फेकलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. अर्ध्या शाळांची मुलं पाण्यावरच बोलली म्हणे, आणि सगळ्यांनी 'थेंब' म्हणताना चिमूटच केली.

मी म्हटलं, "जाऊ दे, पाठ तर चांगलं झालं होतं."

"पाठच झालं होतं, आजोबा. त्यात माझं काय होतं?"

आता म्हणते, एकपात्रीत उतरणार. म्हणजे एकच माणूस सगळ्यांची सोंगं करतो, आणि लिहायचंही ज्याचं त्यानेच. मुलगा म्हणाला, "दहावीचं वर्ष आहे, पुरे झाली थेरं." तो छापखान्यात असतो, दिवसभर यंत्रांचा खडखडाट, घरी आल्यावर त्याला कोणी श्वास मोठ्याने घेतलेला चालत नाही. टकळी म्हणाली, "आमच्या शाळेतलं अंतिम फेरीला अजून कोणी गेलं नाही. मला जायचंय. पुढच्या वर्षी मी त्या शाळेत नसणार." मग बापाकडे अशी बघत राहिली की त्याने पेपर तोंडासमोर धरला. आमच्याकडे ह्यालाच होकार म्हणतात.

रविवार, १०

टकळी गप्प आहे. दुखतंय का म्हणून विचारलं, तर नाही. टेबलाशी बसते आणि माझ्याकडे बघत राहते. जेवताना, चप्पल घालताना, खिडकी लावताना. माणसाला कसंतरी होतं.

दुपारी विचारते, "आजोबा, तुम्ही बॉयलरवर होतात तेव्हा कशाची भीती वाटायची?"

मी म्हटलं, काट्याची. मी सातवीतून शाळा सोडली आणि कापड रंगवायच्या कारखान्यात लागलो तो तिथूनच निवृत्त झालो. वाफेचा दाब दाखवणारा काटा असतो, तो तांबड्या रेघेकडे सरकला की संपलं. आयुष्यभर त्याच्याकडे बघत बसलो. डोळा लागला तर किती माणसं जातील ह्याचा हिशोब नको म्हणून डोळाच लागू दिला नाही.

"म्हणून तुम्ही जिन्यातून परत वर येऊन गॅस बघता?"

"मग? बघायला नको?"

"पण तुम्ही आत्ताच बघून गेलेले असता."

"ते मघाशी बघितलं. आता काय आहे ते कोणी बघितलंय?"

ती हसली आणि काहीतरी लिहून घेतलं. अभ्यासाचं असेल.

मंगळवार, १२

विशेष काही नाही. सूनबाईने दोनदा विचारलं, बाबा, गोळी घेतली का. विचारते आणि उत्तर ऐकायच्या आत स्वयंपाकघरात जाते, मग मला "घेतली, घेतली" म्हणून ओरडावं लागतं. औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, तिथे दिवसभर लोकांना असंच विचारत असेल. लोक काय करतात देव जाणे.

शनिवार, १६

टकळीने तिची एकपात्री मला म्हणून दाखवली. डोकं फिरायची वेळ आली.

पाणी सोडायच्या पंपावरून निवृत्त झालेला एक म्हातारा आहे. बस दुपारची, तर हा सकाळीच थांब्यावर जाऊन उभा. पाहुणा निघाला की भर उन्हात विचारतो, छत्री आणली होती का. शेजारी कोणी भाकरी करपवली तर हा घरच्यांना जिन्यातून खाली घेऊन येतो. टकळीच म्हातारा होते, टकळीच सून, टकळीच मुलगा. शेवटी हा रुसून बसतो आणि घरातली सगळी त्याच्याभोवती बसून हसतात, मग तोही हसतो.

मी म्हटलं, "अगं, असा माणूस जगात असतो का? पटेल असं तरी लिही."

आत सूनबाईला ठसका लागला. पाणी पी म्हणून ओरडलो. तिने प्यायलं की नाही ते बघायला उठलो, आणि उठता उठता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"थांब. हा कोण ते मी ओळखलं."

टकळीचा चेहरा पांढरा पडला. "कोण?"

"तळमजल्यावरचे पोस्टमास्तर! कुलूप लावून तीनदा ओढून बघतात." (मी दोनदाच ओढतो.)

ती आईकडे बघायला लागली, आई तिच्याकडे. मग हळूच म्हणाली, "हो, आजोबा. थोडेथोडे तेच."

मी बजावलं, "सांभाळून हं. निवृत्त माणूस हळवा असतो. त्याच्या कानावर गेलं तर मनाला लावून घेईल."

तिचा म्हातारा चालतोही चुकीचा. कमरेत वाकून, काठी आपटत. मी म्हटलं, "म्हातारा असा चालत नाही. त्याला पडायची भीती असते. तो आधी पायाने जमीन चाचपतो, मग वजन टाकतो. हे बघ." तिने मला खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत परत परत चालायला लावलं. माझे गुडघे बोलायला लागले, पण तिला चाल जमली. चहाचा कप दोन हातांनी धरायचा आणि पिण्याआधी खाली वाकून टेबल डगमगत नाही ना ते बघायचं, हेही मीच सांगितलं. पोस्टमास्तरांचं इतकं बारीक निरीक्षण तिने कुठून करायचं?

सोमवार, १८

दार लोटलेलं होतं म्हणून ऐकू आलं. मुद्दाम ऐकलं नाही.

मुलगा म्हणत होता, "घरातलं असं चव्हाट्यावर मांडायचं? लोक हसतील त्यांना."

सूनबाई म्हणाली, "अहो, तेच तर तिला शिकवतायत. परवा कप कसा धरायचा ते दाखवत होते."

"मला तेच बघवत नाही."

मला बरं वाटलं. मुलगा तुसडा असला तरी शेजाऱ्यांची चाड आहे त्याला. तो बाहेर आल्यावर म्हटलं, "तू काळजी करू नकोस. पोस्टमास्तरांना मी सांभाळून घेतो."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग मोरीत जाऊन तोंड धुवायला लागला. धुतोय धुतोय, संपेचना. एवढं पाणी! आणि पोरगी बाहेर पाण्यावर भाषणं करून आली.

बुधवार, २०

सांभाळून घ्यायचं म्हणून खाली गेलो. पोस्टमास्तर बाकावर बसले होते. मी आपणहून म्हटलं, "तुमचं कुलूप मघाशी बघून आलो, पक्कं लागलंय."

ते म्हणाले, "काय बॉयलरसाहेब, आज फार साखर पेरताय? काही हवंय का?"

काही नको म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "नातीचं नाटक कसं चाललंय? ऐकतोय मी, जिन्यातून आवाज येतो."

म्हणजे ह्यांनी ऐकलं! मी म्हटलं, "काल्पनिक आहे हो सगळं."

"हो का?" म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. खांदे हलत होते. वाईट वाटलं असणार.

शुक्रवार, २२

शाळेतली फेरी पार पडली, टकळी निवडली गेली. परवा सगळ्या शाळांची उपांत्य फेरी. पोस्टमास्तर येतो म्हणतात. तुम्हाला प्रवास झेपायचा नाही म्हटलं, तर म्हणाले, "चार थांब्यांचा प्रवास?" तिथे गर्दी असते म्हटलं. कोंदट असतं म्हटलं. म्हणाले, "बॉयलरसाहेब, तुम्ही येणार आहात ना? मग मला ती जोडी बघायचीच आहे." कसली जोडी, ते विचारलं नाही. टकळीला आणि मला म्हणत असतील.

रविवार, २४

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे. तळपायाची आग मस्तकात गेली आहे, तरी लिहितो.

मोठा हॉल, लोखंडी खुर्च्या, कुठलाही पंखा कुठल्याही खुर्चीवर नाही. एका मुलाने कविता म्हटली. कविता फुलपाखरावर होती, पण तो असा गरजला की फुलपाखरू असतं तर भोवळ येऊन पडलं असतं. एक मुलगी मधेच विसरली आणि तिचे सर दाराआडून ओठ हलवत होते, ते सगळ्या हॉलला दिसलं, तिला सोडून. तिला बाद केलं. बिचारी.

मग टकळी. ती चालत आली ती जमीन चाचपत. अजून एक शब्द बोलली नव्हती आणि मागच्या रांगेत कोणीतरी फस्सकन हसलं. मग हॉल जो सुटला तो सुटलाच. पोस्टमास्तर माझ्याशेजारी डोळे पुसत होते. स्वतःवर इतकं हसायला मन मोठं लागतं. मी त्यांचा हात धरून ठेवला.

आणि मग टकळी सून झाली. हात पुसत आली आणि म्हणाली, "बाबा, गोळी घेतली का?" आणि पाठ फिरवून चालायला लागली.

मी ओरडलो, "घेतली, घेतली!"

कसं झालं ते मला कळलं नाही. विचारलं की उत्तर तोंडातून निघतं. हॉल एकदम चिडीचूप. टकळी पाठमोरीच थांबली. मग तिने मान न वळवता, हुबेहूब सूनबाईच्या आवाजात म्हटलं, "ऐकलं हो!" टाळ्यांनी कान बधिर झाले.

पण एका शाळेच्या बाई उठल्या. म्हणाल्या, एकपात्रीत दुसरं पात्र चालत नाही, ह्यांनी प्रेक्षकांत माणूस ठरवून बसवलाय, हिला बाद करा. मला परीक्षकांच्या टेबलाशी बोलावलं. मी ह्या वयात, चोरासारखा! टकळी शेजारी उभी, ओठ चावत.

मोठ्या परीक्षक बाईंनी विचारलं, "तुम्हाला असं बोलायला कोणी सांगितलं होतं का?"

"कोण कशाला सांगेल? गोळीचं विचारलं, म्हणून सांगितलं."

"पण आजोबा, तुम्हाला नव्हतं विचारलं."

"मग कोणाला? आमच्यात गोळी मीच घेतो."

दुसऱ्या परीक्षकांचं पेन खाली पडलं असावं, ते बराच वेळ टेबलाखाली होते. बाई मात्र माझ्याकडे निरखून बघायला लागल्या. "तुम्हाला ह्यातला म्हातारा कसा वाटला?"

"खरं सांगू? कटकट्या आहे. आणि पोरीने शेवट चुकवलाय. सगळे त्याच्याभोवती बसून हसतात, तसं होत नसतं. असा माणूस घरातल्यांना नकोसा होतो. तोंडावर कोणी म्हणत नाही, एवढंच."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी म्हातारा आहे. एवढं कळतं."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. मग तक्रार करणाऱ्या बाईंना म्हणाल्या, "हे ठरवून केलेलं नाही. असं ठरवून करता येत नाही." आणि टकळीला अंतिम फेरीत घेतलं.

मी खूश होऊन वळलो, तर पोरगी रडतेय. आनंदाचं रडणं मला ओळखता येतं. हे ते नव्हतं.

सोमवार, २५

टकळी म्हणते, अंतिम फेरीला जाणार नाही.

सर घरी आले. गोड बोलून झालं, रागावून झालं, शाळेची अब्रू काढून झाली. ही ढिम्म. "मी ते करणार नाही." का, तर सांगत नाही. पुढचा रविवार, दुसऱ्या गावी फेरी, नावं गेलेली, आणि बाईसाहेब उशीत तोंड खुपसून. मुलाने आधी हे बंद करायचं म्हणून डोकं खाल्लं होतं, आता तो म्हणतो, "कर गं, चांगलं आहे ते." ह्या घरात कोणाचा काटा कुठे आहे ते कळायची सोय नाही.

मंगळवार, २६

शेवटी मीच तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. "दहावीच्या वर्षात महिनाभर डोकं उठवलंस. माझं टेबल गेलं, गुडघे गेले. आता कारण सांगितल्याशिवाय मी उठणार नाही."

उशीतून तोंड काढून म्हणाली, "मी त्या माणसाला न विचारता लिहिलं. लोकांना हसवलं. त्याला काय वाटत असेल ते मला माहीतच नव्हतं."

"मग विचार त्याला."

"धीर होत नाही."

"आणि तो हो म्हणाला तर?"

"तर जाईन."

हात्तिच्या! एवढ्यासाठी? मी चपला घातल्या आणि तडक खाली गेलो. पोस्टमास्तरांना सगळं स्पष्ट सांगून टाकलं. म्हटलं, तो म्हातारा तुमच्यावरून घेतलाय, मी आधीच सांगायला हवं होतं, पोरगी लहान आहे, माफ करा आणि हो म्हणा.

त्यांनी हातातल्या पेपरची घडी घालून तो बाजूला ठेवला. मला वाटलं, झालं, दुखावले.

मग म्हणाले, "माझी ना नाही. पण बॉयलरसाहेब, एक विचारतो. समजा, तो म्हातारा तुम्ही असतात, तर काय म्हणाला असतात?"

"मी आधी तंडलो असतो."

"ते झालंच. नंतर?"

असा विचार मी केला नव्हता. केला. मग म्हटलं, "बरं वाटलं असतं बहुतेक. आपण दिवसभर बोलत असतो, तेच तेच. ऐकतं कोण? घरच्यांनी कान बंद केलेत असं आपण धरूनच चालतो. आणि इथे ही पोर ऐकत होती. पाय कसा टाकतो तेसुद्धा बघत होती. एक शब्द तिने खाली पडू दिला नाही. इतकं कोणी कोणाचं ऐकतं का, पोस्टमास्तर?"

ते म्हणाले, "मग वर जा आणि तिला हेच सांगा. जसंच्या तसं. माझं नाव घातलंत तरी चालेल."

वर येताना जिन्यात मधेच थांबलो. दम लागला म्हणून असेल.

टकळीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे पोस्टमास्तर म्हणाले?"

"मी म्हणालो, ते हो म्हणाले. एकच ते."

तर माझ्या गळ्यात पडून सदरा ओला केला. परवानगी मिळाली तरी रडायचं! मी म्हटलं, "आता तो शेवट तेवढा बदल. म्हाताऱ्याला एकटा बसव."

"नाही बदलणार."

"अगं, खोटा आहे तो."

"आजोबा, तो एकच भाग मी बघून लिहिलाय. परत वाद घालायचा नाही."

हट्टी आहे. कोणावर गेलीय कोण जाणे.

रविवार, ३१

सकाळी सगळे गेले. टकळी, सूनबाई आणि मुलगासुद्धा, छापखान्यातून रजा काढून. मला चला चला म्हणून फार मागे लागले. मी म्हटलं, नको. मी मधेच पुन्हा काही बोललो तर? अंतिम फेरी आहे, पोरीची एकुलती एक संधी. निघताना टकळी पाया पडायला वाकली, मी म्हटलं, वाकू नकोस, पाठीत उसण भरेल, आज चालायचंय.

घर असं रिकामं मी कधी बघितलं नाही. टेबल मोकळं आहे, म्हणून लिहितोय, पण सुचत नाही. मुलगा त्याचा जुना मोबाइल ठेवून गेलाय. वाजला की हिरवं दाबायचं. पोस्टमास्तर सोबतीला वर येऊन बसलेत.

तिची वेळ होत आली तसं मला बसवेना. उठून उभा राहिलो आणि तिची एकपात्री पहिल्यापासून म्हणायला लागलो. सगळी पाठ आहे, मला माहीतही नव्हतं. म्हातारा म्हटला, सून म्हटली, मुलगा म्हटला. शेवटी सगळे त्याच्याभोवती बसतात तिथे आवाज जरा बसला, पण म्हटलं पुरं.

पोस्टमास्तर म्हणाले, "हुबेहूब."

मी विचारलं, "कोणासारखं?"

त्यांनी मोबाइल माझ्याकडे सरकवला. मी परत विचारलं नाही.

आता दोघं मोबाइलकडे बघत बसलोय. चार्जिंग आहे, आवाज मोठा आहे, पोस्टमास्तरांनी त्यांच्या फोनवरून लावून बघितलं, वाजतो. मग अजून का वाजत नाही? टकळे, पहिली ये नाहीतर शेवटची ये, मला त्याचं काही नाही. विसरली नाहीस ना, ते सांग. लोक हसले का, ते सांग. शेवटाला गप्प झाले का, ते सांग. बाबाला लावायला सांग, नाहीतर आईला, पण कळव गं बाई. लवकर कळव.